ग्रिलमधली चवळी आणि तिचे भाडेकरू: मुळांवरच्या गाठी घरी कशा बघायच्या

मागच्या जानेवारीत अलिबागला पोपटीला (मडक्यात शेंगा भरून शेतातच भाजतात ती पार्टी) गेलो होतो. मडकं शिजायला वेळ होता म्हणून आम्ही सगळे वालाच्या शेताच्या बांधावर टाइमपास करत बसलेलो, तेवढ्यात भाच्याने एक रोप उपटलं आणि ओरडला, मामा हे बघ, याला कसला तरी रोग झालाय. मुळांना बारीक मणी लटकलेले, भिजलेल्या साबुदाण्याएवढे. म्हटलं रोग नाहीये रे, भाडेकरू आहेत, या गाठींत जिवाणू राहतात, ते झाडाला हवेतला नायट्रोजन देतात आणि झाड त्यांना साखर. मग अर्धा तास त्याला समजवण्यात गेला आणि निघताना एका पिशवीत त्या शेतातली दोन ओंजळी माती घेऊन आलो (शेतवाल्या काकांना विचारून, ते म्हणाले अख्खी ट्रॉली न्या).

त्या मातीवर मुंबईत, मालाडच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये जो उद्योग केला तो खाली लिहितोय. दोनदा फसला, तिसऱ्यांदा जमला, त्यामुळे फसायच्या जागा पाठ झाल्यात. दीड महिना लागतो, खर्च फार नाही, आणि शेवटी जे दिसतं ते पुस्तकातल्या "सहजीवन" या गोड शब्दापेक्षा बरंच वेगळं असतं. झाड आणि जिवाणू यांची मैत्रीबित्री काही नसते, चोख व्यवहार असतो, दोघं एकमेकांवर नजर ठेवून असतात आणि करोडो वर्षं तसंच करत करत दोघं बदलत आलेत. ती नजर तुम्हाला कुंडीत बघता येते, एवढंच सांगायचंय.

आधी पीक कुठलं. चवळीच घ्या. हरभरा जिवाणूंच्या बाबतीत फार नखरेवाला आहे, त्याला त्याचाच ठराविक जिवाणू लागतो, सोयाबीनचंही बऱ्यापैकी तसंच. चवळी कुणाशीही जुळवून घेते आणि वाल, मूग, चवळी यांना साधारण एकाच गटातले जिवाणू चालतात, म्हणून वालाच्या शेतातली माती चवळीला चालली. किराणावाल्याकडची चवळी चालते पण जुनी असली तर उगवत नाही, आधी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून बघा, सात-आठांना तरी मोड आले पाहिजेत. बियाण्याच्या दुकानातून आणलीत आणि तिच्यावर गुलाबी-निळी पावडर असेल तर ती घेऊ नका, ते बुरशीनाशक असतं आणि त्याने जिवाणूही मरू शकतात.

कुंड्या सहा, आठ इंची. तीन प्रकार, प्रत्येकी दोन. एकेक कुंडी ठेवून काही कळत नाही, एक रोप कबुतराने खाल्लं की खेळ खल्लास. (कबुतरांसाठी जाळी लावा, यावर वेगळं काही बोलत नाही, मुंबईत राहणाऱ्याला काय सांगायचं.)

भरायला कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, दाबलेल्या विटांसारखा मिळतो. मुद्दाम, कारण त्यात नायट्रोजन जवळजवळ नसतो आणि आपल्याला चवळी उपाशीच हवी आहे. विटा भिजवा, दोनतीन पाण्यात धुवून खारटपणा काढा, मग निर्जंतुक करायचं. मी प्रेशर कुकरमध्ये डब्यात भरून, खाली पाणी ठेवून, मंद आचेवर अर्धा तास शिजवलं. घरात कोकोपीटचा जो वास सुटतो तो दोन दिवस जात नाही, आणि आईने तो कुकर नंतर वरणाला लावायला साफ नकार दिला, तेव्हा जुना कुकर वापरा किंवा आधीच परवानगी काढा. कुकर नको असेल तर उकळतं पाणी दोनदा ओतून झाकून ठेवा, अगदी शंभर टक्के होत नाही पण चालतं.

पोटाला थोडं तरी द्यायला हवं, फक्त नायट्रोजन सोडून. त्यासाठी प्रत्येक कुंडीत अर्धा चमचा सिंगल सुपर फॉस्फेट आणि चिमूटभर ०-०-५० (पोटॅशचं खत, यातला पहिला आकडा नायट्रोजनचा), दोन्ही नर्सरीवाल्यांकडे सुटं मिळतं. नर्सरीवाला तुमच्या गळ्यात १९-१९-१९ मारायचा प्रयत्न करेल, घेऊ नका, त्यात नायट्रोजन आहे. शेणखत, गांडूळखत, पेंड सगळं बंद, त्यातही नायट्रोजन आहे आणि जिवाणूही.

आता तीन प्रकार. "कोरी" म्हणजे नुसतं कोकोपीट. "माती" म्हणजे कोकोपीट आणि वर दोन मोठे चमचे शेतातली माती. "माती-युरिया" म्हणजे तेच, पण आठवड्यातून एकदा लिटरभर पाण्यात पाव चमचा युरिया विरघळवून त्यातलं कपभर पाणी. बाकी दोन्ही प्रकारांना त्या दिवशी कपभर साधं पाणी, नाहीतर फरक युरियाचा की पाण्याचा ते कळणार नाही.

माती आरे कॉलनीतून किंवा नॅशनल पार्कातून उचलून आणू नका, प्लीज. गावाकडून कुणी येत असेल तर वाल, मूग, चवळी नाहीतर भुईमुगाच्या शेतातली मागवा. आणि सोसायटीच्या बागेतली माती बेभरवशाची, ती बऱ्याचदा कुठल्यातरी बांधकामाचा भराव असतो.

बी पेरायचं दीड इंच खोल, कुंडीत चार दाणे, उगवल्यावर दोन ठेवायची. पेरताना क्रम पाळा: आधी कोऱ्या कुंड्या, मग मातीच्या. पहिल्यांदा मी उलट केलं, तीच खुरपी, तेच हात, आणि मातीच्या कुंड्या वरच्या फळीवर ठेवल्या, त्यांचं पाणी खाली कोऱ्या कुंड्यांत ठिबकत राहिलं. दीड महिन्याने कोऱ्या कुंडीतही गाठी! महिनाभराची मेहनत पाण्यात, अक्षरशः. तेव्हा कोऱ्या कुंड्या वर, मातीच्या खाली, मध्ये ताटली. खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी पडत नाही हा बोनस.

दुसऱ्यांदा जुलैत पेरलं तो निव्वळ मूर्खपणा. पावसात कोकोपीट वाळतच नाही, रोपं दोन पानांवर आली आणि बुडाशी काळी पडून आडवी झाली, ती पण मातीतल्या बुरशीचीच करामत. मुंबईत हे ऑक्टोबरमध्ये पाऊस सरल्यावर किंवा फेब्रुवारीत करा, चारपाच तास ऊन येणाऱ्या खिडकीत.

आता पहिले तीन आठवडे वर फारसं काही घडत नाही आणि खरं ते सगळं खाली घडतं. चवळीच्या मुळातून काही द्रव्यं पाझरतात, ती ओळखणारे जिवाणू जवळ येतात आणि उलट आपला एक रासायनिक निरोप सोडतात. निरोप ओळखीचा निघाला तर मुळावरचा बारीक केस छत्रीच्या दांड्यासारखा वळतो, जिवाणूला कवेत घेतो आणि आतमध्ये त्याच्यासाठी एक बोगदा तयार होतो. निरोप चुकला तर दार उघडत नाही. म्हणजे बेल वाजवायची ठराविक पद्धत आहे, तशी वाजवली तरच आत. मजा म्हणजे ही बेल झाडाने जिवाणूंसाठी बसवलेलीच नाही. मुळात राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीशी बोलायला जी यंत्रणा होती, तिचाच बराच भाग शेंगवर्गीय झाडांनी नंतर जिवाणूंसाठी वापरला. बुरशीचं हे नातं ४० कोटी वर्षांपूर्वीचं, स्कॉटलंडमध्ये ऱ्हायनी नावाच्या गावाजवळ त्या काळच्या दगडात बुरशीसकट झाडं सापडलीत आणि गंमत बघा, त्या झाडांना धड मुळंसुद्धा नव्हती. मुळं यायच्या आधी भाडेकरू हजर!

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात युरिया नसलेली सगळी रोपं फिकट पडतील. बियांमधली शिदोरी संपलेली असते आणि गाठी अजून कामाला लागलेल्या नसतात. इथे सगळ्यांचा धीर सुटतो, घरातलं कुणीतरी येऊन म्हणतं अगं बाई किती पिवळी पडली, आणि चहाची पावडर टाकून जातं. टाकू देऊ नका. दहा-बारा दिवस कळ काढा. त्यानंतर "माती"वाल्या कुंड्यांतली पानं हळूहळू हिरवी व्हायला लागतात आणि कोऱ्या कुंड्यांतली तशीच आजारी राहतात, आणि ती जी दोन फळ्यांमधली तफावत आहे ना, तिचा फोटो काढून ठेवा.

१८८८ साली हेलरिगेल आणि विल्फार्थ या दोघा जर्मनांनी हेच दाखवलं होतं, तेसुद्धा कुंड्यांमध्येच, निर्जंतुक केलेल्या वाळूत. मातीचं थोडं पाणी घातलं की वाटाणा फोफावतो, नाही घातलं तर उपाशी मरतो. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे पण झाडाला तो थेट घेता येत नाही, गाठीतले जिवाणू तो फोडून देतात, असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी हॉलंडमध्ये बायरिंकने गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवला.

पाच-सहा आठवड्यांनी, फुलं यायच्या सुमारास, उघडायचं. नंतर नको, शेंगा भरायला लागल्या की झाड तिकडे खर्च करतं आणि गाठी म्हाताऱ्या होतात. रोप खेचायचं नाही! खेचलं की गाठी कोकोपीटमध्ये राहतात आणि हातात टक्कल पडलेलं मूळ येतं. कुंडी आडवी करून अख्खा गोळा बादलीत बुडवा, पंधरा मिनिटं राहू द्या, मग पाण्यातच बोटांनी हळूहळू सोडवा. पांढऱ्या ताटात घ्या.

गाठ कुठली आणि रोग कुठला हे आधी बघा. खरी गाठ मुळाला बाजूने चिकटलेली असते, नखाने हलकं ढकललं की टपकन सुटते. सूत्रकृमीने झालेली गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती सुटत नाही, मूळ तुटतं. भाच्याची शंका अगदीच चुकीची नव्हती.

मग एक मोठीशी गाठ नवीन ब्लेडने मधोमध कापा. हा या सगळ्या उद्योगातला माझा सगळ्यात आवडता क्षण. आत चक्क गुलाबी असतं, मटणाच्या कच्च्या तुकड्यासारखं, बोटाला लालसर पाणी लागतं आणि थोड्या वेळात तपकिरी पडायला लागतं. ते लेगहिमोग्लोबिन, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं चुलत भावंड. जिवाणूच्या ज्या यंत्राने नायट्रोजन फुटतो ते यंत्र ऑक्सिजनने बिघडतं, पण जिवाणूला श्वास घ्यायला ऑक्सिजन तर हवा, म्हणून झाड हे लाल द्रव्य बनवून ऑक्सिजन मोजून मापून पुरवतं. गुलाबी म्हणजे काम चालू आहे. आत पांढरी असेल तर एकतर कच्ची किंवा आतले जिवाणू फुकटे. हिरवट-तपकिरी म्हणजे रिटायर झालेली.

हो, फुकटे असतात. आणि इथेच खरी गोष्ट सुरू होते. जिवाणूची पिढी काही तासांची, चवळीची काही महिन्यांची. एवढ्या वेळात जिवाणूंमध्ये कितीतरी बदल होणार, आणि नायट्रोजन फोडणं हे महागडं काम, तेव्हा काम न करता झाडाची साखर खाणारा जिवाणू पुढे जायला हवा, बरोबर? मग गेल्या करोडो वर्षांत सगळेच फुकटे का नाही झाले? याचं एक उत्तर २००३ साली टोबी कीअर्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी सोयाबीनवर शोधलं. त्यांनी काही गाठींभोवतीच्या हवेतला नायट्रोजन काढून त्याजागी आर्गॉन भरला, म्हणजे जिवाणूंना काम करायचं असलं तरी करता येईना. झाडाने काय करावं? त्या गाठींचा ऑक्सिजन कमी केला. त्या गाठींत जिवाणू वाढले पण कमीच. पागडीच्या चाळीत भाडं थकवलं की मालक पाणी तोडतो, तोच प्रकार. फरक एवढाच की इथे कोर्टात वर्षानुवर्षं केस चालत नाही.

आता तुमच्या तिसऱ्या कुंडीकडे या, युरियावाली. वरून बघितलं तर सगळ्यात हिरवीगार, पाहुणे तिचंच कौतुक करतात. धुवून बघा, गाठी किती कमी. माझ्याकडे "माती"च्या एका रोपाला मोजून ३४ गाठी होत्या, वरच्या जाड मुळाजवळ झुबक्याने, आणि युरियाच्या रोपाला ७, त्यातल्या अर्ध्या आतून पांढऱ्या. रोपारोपाला आकडे बदलतील, पण तफावत दिसेल. झाडाला आयतं मिळतंय तर ते भाडेकरू कशाला पोसेल.

एका हंगामात झाड फक्त आपला खर्च कमी करतं, जिवाणू बदलतात असं नाही. पण हे वर्षानुवर्षं चाललं तर? अमेरिकेत मिशिगनमध्ये काही जमिनींच्या तुकड्यांना २२ वर्षं नायट्रोजन खत देत होते, शेजारच्या तुकड्यांना नाही. दोन्हीकडचे जिवाणू काढून क्लोव्हर नावाच्या चाऱ्याच्या पिकाला दिले, तर खतवाल्या जमिनीतल्या जिवाणूंनी झाडांना कमी फायदा दिला. हा अभ्यास २०१५ साली छापून आला. मला विचाराल तर ग्रिलमध्ये दर आठवड्याला १९-१९-१९ ओतणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, पण कोण ऐकतंय.

जमलं तर सोबत एका कुंडीत मेथीही लावा, नुसती तुलना करायला. बाजारात जी समुद्र मेथीची मुळासकट जुडी मिळते तिच्यात गाठी शोधत बसू नका, मी बसलोय, ती इतकी कोवळी असते की गाठींना वेळच मिळालेला नसतो. घरची मेथी महिना-सव्वा महिना वाढू द्या. चवळीची गाठ गोल मणी, मेथीची लांबट, कधी टोकाला फाटे फुटलेली, आल्याच्या बारक्या तुकड्यासारखी. हा फक्त आकाराचा फरक नाही. चवळीच्या गाठीतले काम करणारे जिवाणू गाठ कुजल्यावर मातीत परत जाऊन पुन्हा वाढू शकतात. मेथी, वाटाणा या घराण्याने वेगळाच मार्ग काढला, ती झाडं गाठीतल्या कामकरी जिवाणूंना अशी काही प्रथिनं चारतात की ते फुगून मोठे होतात आणि परत कधी वाढू शकत नाहीत. सरळ नसबंदी. मातीत परत जातात ते त्याच गाठीत फुगायचे राहून गेलेले त्यांचे भाऊबंद. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला हे अनफेअर आहे मामा. आहेच.

शेतातली माती मिळणारच नसेल तर जिवाणू संवर्धकाचं पाकीट घ्या, कृषी विद्यापीठांकडे आणि शेती सेवा केंद्रांत मिळतं, चवळी-मूग गटाचं रायझोबियम (गाठीतल्या जिवाणूंचं नाव) मागा, सोयाबीनचं नको. तारीख बघा आणि दुकानदाराने ते कुठे ठेवलंय तेही बघा, मला एका दुकानातून उन्हाच्या काचेत महिनोन्महिने पडलेलं पाकीट मिळालं होतं, पावडर होती, जीव नव्हता. गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार करा, त्यात पावडर कालवा, बियांना हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. गरम पाण्यात कालवलंत तर काय होईल ते सांगायला नको.

मायकोरायझाच्या पाकिटांबद्दल एक पैसे वाचवणारी गोष्ट. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी या घराण्याने तो ४० कोटी वर्षांचा करार मोडलाय, ती मुळं सहसा या बुरशीला घरात घेतच नाहीत, पालक आणि माठही साधारण त्यातलेच. त्यांच्या कुंडीत ती पावडर टाकणं म्हणजे रिकाम्या घरात डबा पोचवणं. टोमॅटो, वांगी, मिरची, कांदा यांना टाका, आणि तेही मुळांना लागेल असं, वर भुरभुरून उपयोग नाही.

आणि सगळेच भाडेकरू भाडं देणारे नसतात, काही दार फोडून घुसतात. तिथेही हेच चालतं, झाडाने नवीन कुलूप लावलं की रोग नवीन किल्ली काढतो. अमेरिकेत हॅरॉल्ड फ्लोर यांनी १९४० च्या दशकात जवसावरच्या तांबेऱ्याचा अभ्यास करून दाखवलं की झाडाच्या एकेका जनुकासमोर बुरशीचं एकेक जनुक उभं असतं. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे भेंडी. पानांच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या व्हायरसला दाद न देणारी परभणी क्रांती ही जात ८० च्या दशकात आली तेव्हा शेतकऱ्यांना मोठाच दिलासा होता, पुढे अनेक ठिकाणी तीही बळी पडायला लागली. ग्रिलमध्ये भेंडी लावणार असाल तर दोन वेगळ्या जातींचं बी मिसळून लावा आणि शिरा पिवळी झालेली रोपं मोह न धरता काढून टाका, पांढरी माशी तो रोग शेजारच्या झाडावर नेते.

प्रयोग संपल्यावर "माती"वाल्या कुंडीतलं कोकोपीट फेकू नका. दुसरी कुंडी तुम्ही उघडली नसेल तर तिची रोपं बुडाशी कात्रीने कापा, मुळं आत राहू द्या, महिनाभर फक्त ओलसर ठेवा आणि त्यातलेच दोन चमचे पुढच्या चवळीला विरजण म्हणून घाला. तिथे आता निवडून आलेले जिवाणू जास्त असायची शक्यता आहे, कारण ज्यांच्या गाठी गुलाबी होत्या तेच जास्त वाढले असणार. मी हे फेब्रुवारीत केलं, शेजारी अलिबागच्या जुन्या मातीची कुंडी ठेवली, विरजणवाली आठवडाभर आधी हिरवी झाली. दोन कुंड्यांवरून छातीठोक काही सांगत नाही, या ऑक्टोबरला आठ लावतोय. आधीच्या खेपेला न उघडलेल्या कुंड्यांतल्या शेंगा जमवून आईने एका माणसापुरती भाजी केली होती, नव्या कुकरमध्ये.